बालाघाटातून सायकल प्रदक्षिणा : ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी निधी, मार्ग आणि नियोजन

बीडचा सायकलस्वार (धागाकर्ता)

नमस्कार.

येत्या डिसेंबरात बालाघाटाच्या डोंगरातून सायकलने मोठी प्रदक्षिणा करावी आणि त्यानिमित्ताने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी निधी उभा करावा, असा विचार आमच्या सायकलस्वार मित्रमंडळात बऱ्याच दिवसांपासून चालू आहे. आता तो कागदावर उतरला आहे, म्हणून जाणकारांपुढे ठेवत आहे.

मार्ग असा योजला आहे : बीडहून मांजरसुंबा घाट चढून पाटोदामार्गे सौताडा, तेथून मागे फिरून नेकनूर, केज, मग धारूर करून अंबाजोगाई, अंबाजोगाईहून लातूर, औसा, औशाहून किल्लारी, लोहारामार्गे नळदुर्ग, नळदुर्गहून तुळजापूर, धाराशिव, येडशी, आणि शेवटी येडशीहून चौसाळामार्गे पुन्हा बीड. एकूण अंतर पाचशे किलोमीटरहून थोडे अधिक भरते आणि त्यासाठी सात दिवस धरले आहेत.

ज्यांनी सह्याद्रीतील घाट केले आहेत त्यांना बालाघाट किरकोळ वाटण्याचा संभव आहे, पण त्याची तऱ्हा वेगळी आहे. हे काळ्या पाषाणाचे पठार आहे. त्याच्या कडेला एक खडा चढ लागतो, वर गेल्यावर लांबच लांब माळरान पसरलेले असते आणि मग नदी-ओढ्याच्या प्रत्येक खोऱ्यापाशी उतार व लगेच चढ असा खेळ दिवसभर चालतो. एकच मोठा घाट चढून दिवसाचे काम संपले, असे येथे होत नाही. सावली कमी, वारा मोकळा आणि दोन मोठ्या गावांमधले अंतर बरेच. दृश्य मात्र मनात भरणारे आहे. सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून खाली झेपावते आणि त्या दरीत रामेश्वराचे देवस्थान आहे. मांजरसुंब्याजवळ कपिलधार आहे. येडशीला रामलिंगाचे रान आहे. नळदुर्गाच्या किल्ल्यात बोरी नदी अडवून बांधलेला पाणीमहाल आहे.

डिसेंबर निवडण्याचे कारण केवळ हवामान नाही. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात व मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, त्यामुळे जाणे टळत नाही. मुले बरोबर गेली तर शाळा सुटते. मागे राहिली तर आजी-आजोबांवर भार पडतो. अशा मुलांसाठी गावच्या शाळेतच हंगामी वसतिगृह चालवण्याची शासकीय योजना आहे आणि आमचा निधी या वसतिगृहांना पूरक म्हणून द्यावा, असे आम्हांला वाटते. डिसेंबरात ही गावे अर्धी रिकामी असतात. ज्यांच्यासाठी आपण पैसे मागतो आहोत त्यांचे गाव त्या अवस्थेत सायकलस्वारांनी पाहिलेले असावे, असा माझा आग्रह आहे.

मला तीन गोष्टींवर मत हवे आहे. मार्गात काय बदलावे? निधी नेमका कशावर खर्च व्हावा? आणि एवढ्या मोहिमेत गावांना आमचा त्रास होऊ नये, यासाठी काय पाळावे?

संभाजीनगरची पायपीट

मार्ग उत्तम आहे. माझे मत सायकलीपुरते देते, कारण म्हैसमाळ आणि कन्नडच्या घाटात आमचा नेहमीचा सराव असतो आणि नवे सदस्य कोठे अडतात ते रोज दिसते.

पहिला मुद्दा गिअरचा. सपाटीवर जोरात जाणारे पुष्कळजण घाटात गुडघे दुखवून घेतात, कारण त्यांच्या सायकलीत पुरेसा हलका गिअर नसतो. पुढचे सर्वांत लहान चक्र ३४ दात्यांचे आणि मागचे सर्वांत मोठेही ३४ दात्यांचे असेल, तर पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.१ मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे धरले तर ताशी साडेसात किलोमीटर होतात. सामान लादलेल्या सायकलीने मांजरसुंब्याचा किंवा धारूरचा चढ चढताना सामान्य माणसाचा वेग एवढाच राहतो, म्हणून निदान एवढा हलका गिअर प्रत्येकाकडे असावा. त्याहून हलका असल्यास अधिक बरे. सायकल दुकानात मागचे चक्र बदलून मिळते, त्यासाठी नवी सायकल घेण्याची गरज नाही.

दुसरा मुद्दा टायरचा. अरुंद टायर आणू नयेत. ३२ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर असावा, कारण केज-धारूर पट्ट्यात आतल्या रस्त्यांवर खडी आणि मुरूम लागणारच. वेड्या बाभळीचे काटे आणि सराटे यांनी चाक वारंवार बसते. रात्री मुक्कामाला टायरवरून बोट फिरवून काटे काढण्याची सवय सर्वांनी लावून घ्यावी, कारण सराटा आत शिरला की लगेच हवा जात नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी माळावर जाते.

तिसरा मुद्दा वाऱ्याचा. थंडीत आपल्याकडे वारा बहुतेक पूर्व-ईशान्येकडून येतो. बीड ते सौताडा हा टप्पा पश्चिमेकडे असल्याने तो पाठीवर मिळेल, पण दुसऱ्या दिवशी केजकडे जाताना तोच वारा छातीवर येईल. त्या भागातल्या टेकड्यांवर पवनचक्क्या आहेत. पात्यांचे तोंड ज्या दिशेला असेल तिकडून वारा येत आहे असे समजावे आणि गटातल्या सशक्त स्वाराने पुढे राहून बाकीच्यांना आडोसा द्यावा. दुसऱ्या दिवशी उजाडताच निघा. ऊन चढल्यावर माळावरचा वारा वाढतो.

माजलगावकर

थोडे परखड लिहितो, राग मानू नये. हेतू चांगला आहे, पण एवढ्या लोकांच्या सात दिवसांच्या जेवणाखाण्यावर, मुक्कामावर, सोबतच्या गाडीच्या डिझेलवर जो खर्च होईल तोच थेट शाळांना दिला तर? सायकल चालवण्याचा आणि मुलांच्या पोटात अन्न जाण्याचा संबंध काय? आमच्या भागात पदयात्रा, रॅली, मोहिमा पुष्कळ येतात. त्या येतात त्या दिवशी शाळेतली मुले फुले घेऊन उन्हात उभी असतात, सरपंच हारतुऱ्यांचा खर्च करतात, फोटो निघतात आणि पाहुणे पुढच्या गावाला जातात. तुमची मोहीम यापेक्षा वेगळी कशी असेल, हे आधी सांगावे.

पाटोद्याचे गुरुजी

माजलगावकरांनी विचारलेला प्रश्न आम्हां शिक्षकांच्या मनातही असतो, फक्त आम्ही तो पाहुण्यांसमोर बोलत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे आणि आमच्याकडे हंगामी वसतिगृह चालते, म्हणून तेथील संध्याकाळ कशी असते ते सांगतो.

शाळा सुटल्यावर मुले घरी जाऊन अंधार पडण्याच्या आत पुन्हा येतात. प्रत्येकाच्या हातात घरची ताटली असते. जेवण शाळेत होते; झोपायला बहुतेक मुले आजीकडे जातात. पाचवी-सहावीच्या मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन येतात, त्यांना भरवतात, मग स्वतः जेवतात. घरी जाऊन आजीचे पाणी, झाडलोट, सकाळची भाकरी हेही त्यांच्याकडेच असते, त्यामुळे अभ्यासाला उरतो तो जेवणानंतरचा तास. नेमके त्याच वेळी वीज जाते. आईवडिलांचा फोनही याच सुमारास येतो, कारण फडातून, म्हणजे तोडीच्या उसाच्या शेतातून, कोपीवर (तात्पुरत्या झोपडीवर) परतायला त्यांना रात्र होते. आजीच्या फोनमध्ये रिचार्ज संपलेला असेल तर पोरे शेजाऱ्याच्या दारात उभी राहतात. एक मुलगी वर्गातल्या नकाशावर रोज निपाणी शोधून त्यावर बोट ठेवते, कारण तिचे आईवडील तिकडे आहेत.

तेव्हा आम्हांला काय लागते? धान्य आणि जेवणाचा खर्च योजनेतून येतो. कमी पडतात त्या वरवर बारीक दिसणाऱ्या गोष्टी : वीज गेल्यावर चालणारे दिवे, फरशीवर अंथरायला जाड सतरंज्या, मुलींसाठी दार नीट लागणारे स्वच्छतागृह आणि संध्याकाळच्या अभ्यासाला बसणाऱ्या गावातल्याच एखाद्या शिकलेल्या मुलीला सहा महिन्यांचे मानधन. या शेवटच्या गोष्टीला देणगीदार सहसा मिळत नाही, कारण मानधनाचा फोटो निघत नाही.

आणखी एक सुचवतो. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळाल्या आहेत. त्यांतल्या कित्येक आज भिंतीला टेकून उभ्या आहेत. कोणाची ट्यूब गेलेली, कोणाचा ब्रेक लागत नाही, कोणाचे पायडल निघालेले. गावात दुरुस्तीचे दुकान नाही आणि तालुक्याला सायकल नेऊन दुरुस्त करायला घरात मोठे माणूस नाही, ते फडात आहे. तुम्ही सायकलचे जाणकार लोक हत्यारे घेऊन आमच्या दारावरून जाणारच आहात. आमच्या शाळेत भाषण करू नका. एक दुपार थांबून त्या सायकली चालू करून द्या. मग माजलगावकरांना उत्तर देण्याची वेळच येणार नाही.

बीडचा सायकलस्वार (धागाकर्ता)

गुरुजी, तुमचे लिहिणे आमच्या गटात सर्वांना वाचून दाखवले आणि दुरुस्तीची सूचना त्याच बैठकीत एकमताने स्वीकारली. मोहिमेचा मुख्य भाग आता तोच असेल.

माजलगावकर, तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर देतो. मोहिमेचा एकही रुपया देणगीतून खर्च होणार नाही. प्रत्येक स्वार स्वतःच्या खाण्यापिण्याचा, मुक्कामाचा आणि सामानाच्या गाडीतील वाट्याचा खर्च स्वतः करणार आहे आणि ज्याला तो झेपत नाही त्याचा भार मित्रांनी उचलायचा आहे. तोच खर्च थेट द्यावा, हे म्हणणे तर्काला धरून आहे. पण अनुभव असा की घरी बसून माणूस एकदाच देतो. ज्याने धारूरच्या डोंगरात एखाद्या आजीच्या ओसरीवर बसून पाणी प्यायले आहे, तो पुढच्या वर्षी न मागता विचारतो की गुरुजींच्या शाळेतल्या दिव्यांचे काय झाले. देणाऱ्याचे आणि त्या गावाचे हे नाते टिकवण्यासाठी आम्हांला सायकल हवी आहे.

हार, फेटे, स्वागत कमानी, मुलांच्या रांगा यांतले काहीही होणार नाही, असे पत्र प्रत्येक शाळेला आधीच पाठवू.

वडवणीचा

माझे आईवडील ऊसतोडीला जात होते आणि माझे लहानपण फडात गेले आहे, म्हणून या धाग्यावर लिहिताना जरा भरून येते. मी आज नोकरीत आहे, याचे श्रेय आजीला आणि गावच्या शाळेला आहे.

मला रस्त्याविषयी सांगायचे आहे. डिसेंबर म्हणजे ऐन गाळपाचा हंगाम. केज, अंबाजोगाई, लातूर, औसा या सगळ्या पट्ट्यात साखर कारखाने आहेत आणि उसाच्या गाड्या दिवसरात्र चालू असतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, ऊस दोन्ही बाजूंना रस्त्यावर पसरलेला असतो आणि चालकाला मागचे काहीही दिसत नाही. ट्रॅक्टरवर मोठ्याने गाणी चालू असल्यास तुमची घंटी ऐकू येणार नाही. अशी गाडी ओलांडताना पुढची ट्रॉली मागचीपेक्षा वेगळी डुलते, याचे भान ठेवावे. वळणावर मागची ट्रॉली आतल्या बाजूला येते आणि सायकलस्वार नेमका तेथेच सापडतो. घाटात तर ओलांडूच नये. थांबून तिला जाऊ द्यावे.

दोन गोष्टी बाहेरच्या माणसाला माहीत नसतात. चढावर ट्रॅक्टरचा दम तुटला की चालकाचा साथीदार उतरून चाकाखाली मोठा दगड लावतो. गाडी पुन्हा निघते, तो दगड मात्र रस्त्यातच राहतो. उतारावर वेगाने येणाऱ्या सायकलीला असे दगड वळणानंतर एकदम समोर दिसतात. दुसरे म्हणजे सांडलेला ऊस. कांडे गोल असते; चाक त्यावर आडवे चढले की ते सरकते आणि सायकल खाली जाते. सकाळी दव पडलेले असते तेव्हा पाचटसुद्धा निसरडे होते. म्हणून धारूरच्या घाटात उतार असला तरी वेग आवरता ठेवावा. तो रस्ता अरुंद आहे, तीव्र वळणांचा आहे आणि जड वाहतूक मोठी आहे. माझे ऐकाल तर तुमच्या मार्गातून तेलगावकडचा तो घाट पूर्ण टाळा; केजकडून धारूरला वर जा आणि वरच्या वरच अंबाजोगाईकडे निघा.

आणि एक विनंती. कोयत्यावर निघालेली किंवा फडात उतरलेली माणसे वाटेत दिसतील. त्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

बीडचा सायकलस्वार (धागाकर्ता)

दगडांची आणि ट्रॉल्यांची माहिती आम्हांला प्रत्यक्ष उपयोगी पडणार आहे. तेलगावचा घाट मार्गात नव्हताच. तुम्ही म्हणता तसेच केजहून धारूरला जाऊन पुढे अंबाजोगाई गाठायची आहे. सूर्यास्ताआधी, म्हणजे साडेपाचपर्यंत सर्वजण मुक्कामी पोहोचलेच पाहिजेत, असा नियम करत आहोत. दिवस मावळल्यावर एकही सायकल रस्त्यावर राहणार नाही. उशीर झाल्यास ती गाडीत चढेल.

अंबाजोगाईची डॉक्टर

आरोग्याबाबत थोडे लिहिते.

थंडीत तहान लागत नाही, म्हणून लोक पाणी पीत नाहीत आणि दुपारी तीनच्या सुमारास पोटऱ्यांत गोळे येतात. चढावर तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी घोटघोट प्यावे. मात्र नुसते साधे पाणी लिटरच्या लिटर पिणेही योग्य नाही, कारण घामाबरोबर मीठ जाते. ओआरएसचे मोठे पाकीट एका लिटरमध्ये पूर्ण मिसळावे, अर्धे पाकीट पेलाभर पाण्यात टाकू नये. पठारावर पहाटे चांगलीच थंडी असते. चढताना घामाने भिजलेल्या अंगाने लगेच उतार घेतला तर हाताची बोटे बधिर होतात आणि ब्रेक नीट दाबला जात नाही, म्हणून घाटमाथ्यावर वारा अडवणारे जाकीट घालूनच उतरावे.

चाळिशीच्या पुढच्यांनी, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी आधी तपासणी करून घ्यावी. छातीत दडपण, डाव्या हातात कळ किंवा घेरी आली तर ‘थोडे बसून बघू’ असे म्हणू नये, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, लातूरलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; मोठ्या रुग्णालयांपासून बराच दूरचा टप्पा लोहारा-नळदुर्ग हा राहील, तेथे सोबतची गाडी मागे राहू देऊ नका.

काही उत्साही मंडळी वाटेत आरोग्य शिबिर घेऊ म्हणतील. कृपा करून घेऊ नका. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, त्यावर समिती नेमली गेली. या भागातल्या बाईच्या आरोग्याशी आधीच फार खेळ झाला आहे. एका तासात रक्तदाब मोजून गोळ्या वाटून निघून जाणे तिच्या उपयोगाचे नाही. मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळेत येऊन करतात. गुरुजींना त्या तपासणीनंतर एखाद्या मुलाला चष्मा किंवा पुढचा उपचार मिळवून देण्यात अडचण असेल, तर तेवढा पैसा बाजूला ठेवावा. त्यासाठी मी स्वतः मदत करीन.

जालन्याचा लेखापाल

पैशांची बाजू आधीच पक्की करावी. मित्रमंडळाने आपल्या नावाने किंवा कोणाच्या वैयक्तिक खात्यात देणग्या घेऊ नयेत. नोंदणीकृत न्यास नसताना सार्वजनिक धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क नुसार धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे जावे लागते. त्यापेक्षा जिच्याकडे ८० जी ची (देणगीदाराला आयकरात सवलत देणारी) मान्यता आहे अशा, शिक्षणात काम करणाऱ्या स्थानिक नोंदणीकृत संस्थेबरोबर लेखी करार करून देणग्या थेट तिच्या खात्यात घ्याव्यात. देणगीदारांना आधीच सांगावे की २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर ८० जी ची सवलत मिळत नाही आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्यालाही ती मिळत नाही. नंतर वाद होत नाहीत.

पुष्कळ ठिकाणी ‘किलोमीटरमागे इतके रुपये’ अशी कबुली घेतात. ते मला पटत नाही. थकलेला स्वार मग देणगी बुडेल या भीतीने पुढे जात राहतो आणि डॉक्टरांनी सांगितलेली लक्षणे लपवतो. ठरावीक रक्कम निघण्यापूर्वीच जमा करून घ्यावी. कोणी निम्म्यात गाडीत बसला तरी शाळेचे काही कमी होऊ नये.

शाळेला वस्तू देताना त्या शाळेच्या जडवस्तू नोंदवहीत चढवून घ्याव्यात आणि मानधनाची रक्कम शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावानुसार महिन्याच्या महिन्याला द्यावी, एकदम देऊ नये. जमा-खर्च सर्व देणगीदारांना दिसेल असा जाहीर करावा.

औसेकर

लातूर-धाराशिव भागासाठी तारखांकडे लक्ष द्या. मार्गशीर्ष अमावस्येला आमच्याकडे येळवस असते. त्या दिवशी गावेच्या गावे शेतात जातात, बाजारपेठ बंद असते, रस्त्यावर चहासुद्धा मिळणार नाही. मात्र तुम्ही कोणत्याही बांधावरून जात असाल तर हाक मारून बोलावतील आणि भज्जी, उंडे, आंबील खाल्ल्याशिवाय सोडणार नाहीत. त्या दिवशी साठ-सत्तर किलोमीटरचा टप्पा ठेवू नका, तो पूर्ण होणार नाही. जमल्यास औशाचा मुक्कामच त्या दिवशी ठेवा आणि आमच्या शेतावर या. हे आमंत्रण मनापासून आहे.

किल्लारीबद्दलही सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून माणसे झोपली होती तेव्हा भूकंप झाला आणि काही क्षणांत गावे जमीनदोस्त झाली. जवळजवळ दहा हजार माणसे गेली. पुनर्वसित गावात आज नवी पिढी राहते, तिने हे सगळे ऐकूनच माहीत करून घेतले आहे. पण ज्यांनी भोगले ते अजून आहेत. तेथे थांबा, स्मृतिस्थळी नमस्कार करा, परंतु निधीसाठी आवाहन तेथे करू नका आणि भूकंपाच्या खुणांपुढे सायकली मांडून गटाचे फोटो काढू नका.

पाण्याविषयी एक वाक्य. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, कारण शहराला पाणी देणारे धनेगावचे मांजरा धरण आटले होते. डिसेंबरात पाणी असते, मागाल तेथे मिळेल. पण कोणाच्या दारात सायकल धुऊ नका.

परभणीची वाटसरू

मला आणि माझ्या दोन मैत्रिणींना यायचे आहे. दोन व्यावहारिक प्रश्न आहेत. मुक्काम शाळांमध्ये असेल तर स्त्रियांसाठी वेगळी खोली आणि स्वच्छतागृह यांची सोय आहे का? आणि ज्यांना दुरुस्ती येत नाही त्यांनी काय करायचे?

संभाजीनगरची पायपीट

ताई, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देते. मुलींच्या त्या सायकली आपल्या गिअरच्या सायकलींपेक्षा फार सोप्या आहेत. पंक्चर काढणे, ब्रेकचे रबर बदलणे, साखळी ताणून तेल देणे, सीट मुलीच्या उंचीला आणणे एवढ्यात बहुतेक सायकली चालू होतात. एक रविवार बसलात तर हे सगळे शिकवता येते. चाकाचा आऊट काढणे (वाकडे फिरणारे चाक सरळ करणे), छर्रे बदलणे, पायडलाच्या दांड्याची कॉटर पिन ठोकणे ही कामे जाणकारांकडे राहतील. त्यांत डनलपच्या जुन्या पद्धतीची झडप असते, आपल्या सायकलींच्या बारीक, प्रेस्टा झडपेचे पंप तिला चालतात. ट्यूब, ब्रेकचे रबर, सोल्युशन, ठिगळे, छर्रे, आरे, कॉटर हे सामान मात्र गुरुजींकडून सायकलींचे माप मागवून आधीच घाऊक बाजारातून घ्यावे. त्या मुलींनाही दुरुस्ती करताना शेजारी बसवा. पंक्चर काढायला त्या एका दुपारीत शिकतील आणि जाताना हवेचा पंप व ठिगळांची पेटी शाळेत ठेवून या.

बीडचा सायकलस्वार (धागाकर्ता)

सर्वांच्या सूचनांनुसार आराखडा बदलला आहे, तो असा.

सात दिवसांचे आता नऊ दिवस झाले आहेत. पाटोदा, केज-धारूर आणि औसा या तीन टप्प्यांत दुपारनंतर सायकल चालवायची नाही, शाळेत दुरुस्ती करायची. अंतर कमी केलेले नाही. जे लोक नऊ दिवस देऊ शकत नाहीत त्यांनी बीड ते अंबाजोगाई एवढाच भाग करावा. दुरुस्तीचे बहुतेक काम त्याच भागात आहे. औसेकर, येळवशीचा दिवस तुमच्याकडेच येईल असे वेळापत्रक लावत आहोत.

निधीचा क्रम असा ठरला : पहिला हक्क संध्याकाळच्या अभ्यासिकेच्या मानधनाचा, मग दिवे आणि सतरंज्या, मग स्वच्छतागृहाची दारे व कड्या. डॉक्टर ताईंच्या सूचनेप्रमाणे उपचारांसाठी रक्कम वेगळी ठेवली जाईल. शाळांची संख्या आम्ही मुद्दाम कमी ठेवत आहोत. पुष्कळ शाळांना थोडेथोडे देण्यापेक्षा मोजक्या शाळांना पूर्ण हंगामभर पुरेल एवढे द्यावे, असे गुरुजींशी फोनवर बोलल्यावर ठरले. देणग्या संस्थेच्या खात्यातच जातील, त्यासाठीचा मसुदा लेखापाल महोदयांना पाठवला आहे.

परभणीच्या ताईंनी विचारलेल्या मुक्कामाबाबत : शाळेत स्त्रियांसाठी स्वतंत्र खोली आणि चालू स्थितीतले स्वच्छतागृह नसेल तेथे मुक्काम शाळेत न करता तालुक्याच्या गावी लॉजवर किंवा तुळजापूरसारख्या ठिकाणी भक्तनिवासात करू. हे तुमच्यासाठी केलेले अपवाद समजू नका, सर्वांचाच मुक्काम तेथे असेल.

उदगीरकर

माझा पुतण्या अकरावीला आहे. त्याच्याकडे गिअर नसलेली साधी सायकल आहे, पण तो तिच्यावर रोज वीस-पंचवीस किलोमीटर जातो आणि गावातल्या सगळ्यांच्या सायकली दुरुस्त करतो. त्याला येता येईल का?

बीडचा सायकलस्वार (धागाकर्ता)

अवश्य यावे. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांचे संमतिपत्र लागेल आणि तुमच्यापैकी कोणीतरी सोबत असावे. साध्या सायकलीवर मांजरसुंब्याचा चढ त्याला हातात सायकल धरून चढावा लागेल, त्यात कसलाही कमीपणा नाही. आमच्यातलेही काहीजण चालतच वर जातात. त्याने हेल्मेट, स्वतःचे पान्हे आणि मागे लावायचा लाल दिवा आणावा. पाटोद्याच्या शाळेत पहिल्याच दुपारी त्याची गरज पडणार आहे, म्हणून त्याचे नाव दुरुस्तीच्या यादीत वर लिहिले आहे.